कपाटात न ठेवलेला अंक

सूनबाई,

दूध तापवून ठेवलंय, गॅस बंद केलाय. मी चष्म्याची काडी बसवून आणायला जातोय, संध्याकाळपर्यंत येईन.

काल डोक्यात राख घालून पानावरून उठलो, ते चुकलंच माझं. टीव्हीच्या कार्यक्रमांची जुनी साप्ताहिकं जमवणारा हा म्हातारा, आणि त्याच्या कपाटात नेमका एकच अंक नाही. म्हणून तू रद्दीची दुकानं पालथी घातलीस आणि माझ्या वाढदिवसाला तो फटीत आणून बसवलास. दुसऱ्या कुणी एवढं केलं नसतं.

पण तो अंक मला कितीदा तरी मिळाला होता गं. दरवेळी हातात घेतला आणि गठ्ठ्यात परत ठेवून आलो.

त्या आठवड्यात तुझी सासू दवाखान्यात होती. गुरुवारी तिच्या लाडक्या मालिकेचा शेवटचा भाग होता. "तुम्ही घरी जा, नीट बघा आणि उद्या मला सगळं सांगा," म्हणाली. मी आलो. टीव्ही लावून खुर्ची ओढतोय, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला.

आज सकाळी तुझा अंक उघडला. गुरुवारच्या रकान्यात नुसतं 'शेवटचा भाग' एवढंच छापलंय. अंक जागेवर ठेवलाय, आता तिथेच राहू दे.

तू तेव्हा शाळेत असशील. पाहिला होतास का तो भाग? आठवत असेल तर संध्याकाळी बसून सांग. मला तो अजून तिला सांगायचाय.