अर्धा डोस

सोमवार, ता. ४
खरेदी: साबणाच्या चार वड्या, बारा रुपये. प्रतिकारशक्तीची पूड, पंचेचाळीस. पूड शेजारीण स्वतःच विकते, म्हणून स्वतःच वाखाणते. नातीला सर्दी झालीय. मुलगा-सून परगावी नोकरीला, तीन वर्षांची पोर माझ्या भरवशावर. देवापुढे दिवा लावला, तिला पूड चाटवली. दोन्हीकडे बंदोबस्त केलेला बरा.

मंगळवार, ता. ५
पहाटे पोर खोकली — थेट कुत्र्याच्या पिल्लासारखी. शेजारीण भिंतीपलीकडून, "कुत्रं कधी पाळलंत?" पोर रडली की श्वासाबरोबर घशात शिट्टी वाजते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "क्रूप आहे, काकू. विषाणू शिरलाय. त्याच्याशी लढता लढता शरीरानंच श्वासनळी सुजवलीय."
"म्हणजे शक्ती कमी पडली?"
"कमी कसली, तीच खवळलीय."
घ्या. पंचेचाळीस रुपये मोजून मी भांडणाऱ्याच्याच हाती काठी दिली.

सूज उतरवायला स्टेरॉइड. पोर तिथं तोंड उघडेना, म्हणून मोजून बाटलीत दिलं. "घरी सगळं एकदम पाजा. एकच डोस आहे." हे म्हणाले, "स्टेरॉइड? नातीला आखाड्यात उतरवायचंय का?" मलाही वाटलं, एवढ्याशा जिवाला अर्धं पुष्कळ. मॅट्रिक झालेय, एवढं कळतं. उरलेलं फडताळात ठेवलं, पुढच्या खेपेला.

बुधवार, ता. ६
खोकला कमी. डॉक्टर लोकांचा हात जरा सढळच असतो.

गुरुवार, ता. ७
काल रात्री पोर स्वस्थ पडलेली असतानाही शिट्टी. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत जात होत्या. हे एकाच पायात चप्पल घालून गाडी आणायला धावले. दवाखान्यात तोंडाला मुखवटा लावून औषधाची वाफ दिली, वर पूर्ण डोस. पहाटेपर्यंत बाकावर बसलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "परवाचं सगळं पाजलं होतंत ना?"
मी म्हटलं, "हो."
हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. रात्रभर ज्या तोंडानं नामस्मरण केलं, त्याच तोंडानं मी ते 'हो' म्हटलं.

शुक्रवार, ता. ८
पोर खेळतेय. डॉक्टरीणबाई यांना म्हणाल्या, "आजी दक्ष म्हणून वेळेत आलात." शेजारीण म्हणते, पुडीचा गुण. श्रेय घ्यायला रांग लागलीय. मला जेवण गेलं नाही.

शनिवार, ता. ९
सकाळी डॉक्टरीणबाईंना खरं सांगून आले. मग सुनेला पत्र टाकलं: "पोर आता बरी आहे. तिचं अर्धं औषध मी राखून ठेवलं होतं, म्हणून तिचा श्वास कोंडला. विचारल्यावर खोटंही बोलले. तिला इथं ठेवायची की घेऊन जायची, उलट टपाली कळव."