दोन पुस्तकं, एकच खाकी कागद

अक्का,

तुम्ही देवळातून यायच्या आत मी भामीला घेऊन डोळ्यांच्या इस्पितळात जाते आहे. भात आणि हुळी, म्हणजे चिंचेची आमटी, झाकून ठेवली आहे. तुमच्या भावाला ऑफिसात कळवलेलं नाही. ते घरी आले की माझं मीच सांगेन.

काल संध्याकाळी तिला म्हटलं, मराठीचा धडा वाच. पोरीनं घडाघडा वाचला, एक शब्द चुकला नाही. जवळ जाऊन बघते तर हातात कन्नडचं पुस्तक! दोन्ही पुस्तकांना मीच एकसारखा खाकी कागद घातलेला. तुमच्यापुढे अभ्यासाला बसले की थोरला गुंडू आधी वाचतो, ते ऐकून ही सगळं तोंडपाठ करते. तिला अक्षर दिसतच नाही, अक्का.

पाटीवर ओळी वाकड्या येतात म्हणून तुम्ही तिला आळशी ठरवलंत, पट्टीनं बोटं लाल केलीत. शाळेत घालू म्हटलं, तर "मी वीस वर्षं शिकवलंय, घरी काय कमी आहे?" म्हणालात. मी पोळ्या लाटत ऐकत राहिले. ती चूक माझी, तुमच्यावर ढकलत नाही.

रात्री तिला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणते, "सगळ्यांना असंच दिसतं ना गं?"

स्वल्प उशीर होईल. गुंडूचा अभ्यास हवा तर घ्या, पण पट्टी शोधू नका. ती माझ्या पिशवीत आहे, आणि घरी परत येणार नाही.

वसुमती