घरच्या कूलरचा पंप

बाबा, मी तुमच्यावर चिडले आहे. साधीसुधी नाही, चांगली भडकले आहे. ज्याच्यावर भडकायचं तो माणूस कधीचा राख होऊन धाम नदीच्या पाण्यात गेला, म्हणून कागदावर ओरडते आहे. गेल्या आठवड्यापर्यंत वर्कशॉप उघडलं की आधी तुमच्या फोटोला नमस्कार करायचे आणि मग लेथचं बटण दाबायचे. आता त्या फोटोकडे पाहिलं की डोकं फिरतं. आणि गिऱ्हाईक आलं की त्याचं सुरूच असतं, मिस्त्री म्हणजे कलाकार माणूस, मिस्त्रीसारखं डोकं पुन्हा होणे नाही. हो, होतं डोकं. त्या डोक्याचं काय केलंत, ते सांगते.

तुमचा तो डबा, लेथचं टूल गार ठेवणारा. गोडेतेलाचा रिकामा पिपा आणि त्यात मधोमध पत्र्याची आडभिंत. अलीकडे लोखंडाचा बुरादा खाली बसतो, पलीकडे निवळलेलं पांढरं तेल-पाणी जमतं. वर आईच्या जुन्या नायलॉन साडीची गाळणी. फ्रिजमधून काढलेली तांब्याची नळी वाकवून लेथवर आणलेली, तिला शेगडीचा कॉक. आणि आत कूलरचा पंप, तोच आपल्या उन्हाळी कूलरमध्ये असतो तो. कापसाच्या जिनिंग मिलचा शाफ्ट कापताना टूलच्या टोकावर तेल-पाण्याची बारीक धार पडायची आणि टूल जळायचं नाही. कंपनीचं तयार यंत्र घेण्याची आपली ऐपत नव्हती, म्हणून तुम्ही हे जुळवलं, आणि जुळवलं ते फक्कड. बोरगाव मेघेच्या आपल्या शेडमध्ये लोक नुसतं बघायला यायचे. "मिस्त्री, मलेबी एक बनवून द्या ना." तुम्ही कुणाला नाही म्हटलं नाही.

दुसऱ्यांच्या डब्यात तुम्ही नवाकोरा पंप बसवायचे. आपल्या डब्यात मात्र घरचा. मृग लागला की पिपरी मेघेच्या घरातला कूलर आवरायचा आणि त्याचा पंप लेथवर न्यायचा. होळी झाली की लेथवरचा पंप पुन्हा घरी. उन्हाळाभर तुम्ही लेथवर ब्रशनं पाणी मारायचे. "बाकीचे नऊ महिने पंप घरी बसून काय करते?" असं वर आम्हालाच विचारायचे, जणू केवढी अक्कल लढवली. उन्हाळ्यात घरभर त्या आंबलेल्या तेलाचा वास. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "हा कूलर हाये का गॅरेज?" आणि आपण तिघंही हसायचो. त्या हसण्याचाही आता मला राग येतो.

आणि शिस्त तर काय, बापरे! मी आयटीआयमध्ये टर्नरचं शिकत होते तेव्हाची गोष्ट. एका डब्याच्या वायरीला मी दोन पिनांचा प्लग लावला. तुम्ही तो गिऱ्हाईकांसमोर उपटून फेकलात. "काऊन वं, अर्थिंग कोण देईन? मरशीन ना एखाद्या दिवशी!" सगळे बघत होते, मी रडत रडत घरी गेले. पण त्या दिवसापासून अर्थिंगशिवाय एक मशीन मी लावलेलं नाही. घरच्या कूलरला मात्र दोनच पिना होत्या, बाबा. भिंतीतला बोर्ड जुना होता. तो बदलायला तुम्हाला कधी सवडच मिळाली नाही.

मे महिन्यातली ती दुपार. तुम्ही जेवायला आलात. आई पोळ्या लाटते आहे, घामानं निथळते आहे. ती म्हणाली, "कूलर गरम हवा फेकून राह्यला. आधी पाणी भरा, मंग जेवा." तुम्ही अनवाणीच मागच्या ओल्या फरशीवर गेलात, हातात पाण्याचा पाइप, कूलर चालूच. आईनं हाक मारली तर ओ आली नाही. लोक म्हणाले, शॉक लागला, कूलरनं घेतलं. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुणाला तरी घेतोच, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही. मामानं तो कूलर भंगारात देऊन टाकला. आईनं मात्र आपला निकाल लावून टाकला. "मीच धाडलं त्यायले."

तेव्हापासून तिच्या खोलीत कूलर नाही. वर्ध्याचा उन्हाळा, वर सिमेंटची तापलेली स्लॅब, आणि ही बाई अंगावर ओला टॉवेल घेऊन फरशीवर पडून राहते. मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टर मलाच बोलले, यांना गारव्यात ठेवा, नाहीतर पुढचा उन्हाळा काढणं कठीण आहे. मी हात जोडले, भांडले, अबोला धरला. तिचं एकच, "मले नोको तो गारवा."

गेल्या आठवड्यात केळझरचा एक वेल्डिंगवाला त्याचा डबा घेऊन आला. तुमच्या हातचा, अजून ठणठणीत, फक्त पंप बंद पडलेला. पंप वर काढून मी वायर जराशी वाकवली, तर तिचं प्लास्टिक वाळलेल्या कुरडईसारखं तडकलं आणि आतलं तांबं उघडं पडलं. तो म्हणाला, "मिस्त्री तवाच सांगत होते. तेलानं वायर कडक होते, म्हणे, तडकते. हा पंप घरच्या कूलरले नोको लावजो, म्हणे, घरात बायका-लेकरं राह्यते." मी त्याच्यासाठी स्टूल ओढलं आणि स्वतःच त्यावर बसले.

तुम्हाला माहीत होतं. केळझरच्या माणसाला सांगण्याइतकं नीट माहीत होतं! त्याच्या घरात बायका-लेकरं, आणि आपल्या घरात काय होतं? त्याच कूलरसमोर पाट मांडून मी अभ्यास करायचे. आई त्याच्या टपातलं पाणी हात बुडवून बघायची. नकळत केलं असतं तर तुमच्या नावानं रडून मोकळी झाले असते. जगाला शहाणपण वाटायचं आणि घरच्यांना रामभरोसे सोडायचं, ही कुठली रीत? काऊन, बाबा? एक पंप नव्हता घेता येत? तुम्ही गेलात ते गेलात, आणि ते ओझं आईच्या डोक्यावर देऊन गेलात.

काल मी तिला सांगितलं. ती तुरीची डाळ निवडत बसली होती. म्हटलं, आई, तुझ्या धाडण्यानं काही झालं नाही. लेथवरच्या तेलानं पंपाची वायर खराब झाली होती, तू बोलली नसतीस तरी संध्याकाळी कुणीतरी पाणी भरायला गेलंच असतं. तिचा हात सुपातच थांबला. म्हणाली, "म्हणजे मी इतके उन्हाळे उगाच जळून राह्यली का वं?" मग तिनं मान वर केली आणि विचारलं, "त्यायले माईत होतं का?"

सगळं तोंडाशी आलं होतं, बाबा. आठवडाभर मनात घोळवलेलं एकेक वाक्य तयार होतं.

मी म्हटलं, "नाई वं आई. त्यायले काय माईत राहीन?"

ती पदरात तोंड घालून रडली, आणि मग म्हणाली, आण कूलर. आज सकाळी आणला. बोर्ड बदलला, अर्थिंग दिलं, स्वतः तपासलं. आत्ता भर दुपारी ती त्याच्यासमोर गाढ झोपली आहे आणि मी दारात बसून हे लिहिते आहे.

खोटं मी तिच्यासाठी बोलले, असं लिहून कागद संपवणार होते. पण तसं नाही. तिच्या मनातून तुम्ही उतरलेले मला बघवले नसते. राग तेवढाच आहे, जराही कमी झालेला नाही, आणि तरी तुमचं नाव मीच राखलं. आता हा कागद फाडून टाकते. आईला वाचता येतं.