कुरकुरणारं दार

दि. ४ जानेवारी

चि. बारक्या,
अ. उ. आ.

तुझा जामीन पुन्हा फेटाळला, हे वकीलबाईंनी सांगितलंच असेल. कोर्टातून घरी यायला पाय उचलेना. कोपऱ्यावरच्या दुकानात दोनदा शिरले आणि काहीच न घेता बाहेर आले.

अरे, मी पोलिसांना असं काय वावगं सांगितलं? लिफ्ट पडली त्या सकाळी चहा पिताना तू म्हणालास, लिफ्टचा दोर झिजलाय, इमारतीच्या मालकाला सांगून सांगून तोंड दुखलं. मला वाटलं, आमचा लिफ्टवाला किती काळजीचा आहे ते त्यांना कळेल. सरकारी वकिलाने नेमकं तेच उचललं. म्हणे, दोर तुटणार हे आरोपीला ठाऊक होतं, तरी लिफ्ट चालू राहिली आणि दोन जीव गेले. साक्षीदारांत माझंच नाव पहिलं! माझ्याच तोंडाने तुला अडकवलं रे. जीव थाऱ्यावर नाही.

आई बरी आहे. माझ्या कपाटाचं दार अजून कुरकुरतं. दुनियेच्या लिफ्ट दुरुस्त करतोस आणि घरच्या बिजागरीकडे बघायला सवड नाही, हे माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही हं.

माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई

दि. ११ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उगाच स्वतःला खाऊ नकोस. मी बोललो तेच तू सांगितलंस. मी ‘बंद’ची पाटी लावली होती आणि मालकाने ती काढली, हे खटल्यात सांगायचं. वकीलबाई म्हणतात, जामिनाच्या वेळी खरं-खोटं ठरत नाही. आरोप किती जड, माणूस पळेल का आणि साक्षीदाराला फितवेल का, एवढंच बघतात.

आईला सोडून मी कुठे पळणार? पण साक्षीदार नि आरोपी एकाच घरात, एकाच किटलीतला चहा पिणार, असं न्यायाधीश म्हणाले म्हणे. त्यांचंही काय चुकलं?

इथलं दार लागलं की आवाजावरून कळतं, कुठली बिजागरी सुकलीय. दिवसभर तेवढंच ऐकतो. वाघाचा आव आणतो ग, पण आतून पार खचलोय. काहीतरी कर.

आईला नमस्कार. विसरू नकोस मला.
बारक्या

दि. २३ जानेवारी

चि. बारक्या,
अ. उ. आ.

मी वकीलबाईंना विचारलं, साक्षीदार घरात नसलाच तर?  त्या म्हणाल्या, तर जामिनासाठी नवा मुद्दा आहे. आपण एकमेकांना पत्रं लिहितो हे कळल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शिवणवर्गाच्या वर एक खोली घेतलीय. पत्ता कोर्टात दिला. खाली मशीनं धडधडतात, डोकं उठतं, पण चालेल. उद्या सुनावणी. जामीन झाला तर माझी साक्ष होईपर्यंत भेट नाही, फोन नाही, पत्र नाही, कुणाकरवी निरोपही नाही. वर्षही लागेल, दोनही. म्हणून आजच लिहून घेते.

साक्षीत मी तेच सांगणार, एक शब्द इकडचा तिकडे न करता. रागावू नकोस. आईचा चष्मा शोधून देत जा, तो तिच्याच डोक्यावर असतो. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तुझीच,
ताई

दि. २९ जानेवारी

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

परवा तो आला. फार वाळलाय. जेवताना मध्येच उठला आणि बाहेरून कडी नाही ना, ते बघून आला.

तुझं नाव काढत नाही. त्याचा काहीही निरोप नाही, हे आधीच लिहिते. हे पत्र कुणाला वाचायचं असेल तर खुशाल वाचू दे. मी आपली माझ्या घरची खबर देते.

काल तुझा स्वेटर काढायला तुझं कपाट उघडलं. आवाज झाला नाही. बिजागऱ्या नव्या आहेत.  तो बाहेर गेल्यावर मी पुन्हा एकदा दार उघडून पाहिलं.

जपून राहा ग बाई.
आई