पट्टीवरची लाल खूण

बाबा, ती खिडकी कुणी रुंद केली हे तुम्हाला कळलं होतं का? मला याचं उत्तर देता येत नाही, आणि तुम्हाला जाऊन आता सहा वर्षं झाली, म्हणजे ते कुणाकडून मिळणारही नाही. घराच्या खिडकीचं म्हणत नाही मी. चितेगावच्या कपाटांच्या कारखान्यात तुमच्या भट्टीच्या कॉम्प्युटरवर जी खिडकी उघडलेली असायची, तिचं म्हणते. ऑफिसात दुपारी सगळे चहाला खाली जातात, मी जागेवरच बसून राहते, तेव्हा हा प्रश्न येतो. हर्सूलच्या खोलीवर एकटीचा भात लावते तेव्हाही येतो. मी काय काम करते हे आपल्या घरात आजवर कुणाला नीट समजलेलं नाही. आई विचारते आणि मी म्हणते, कॉम्प्युटरवर. तुम्हाला मात्र समजलं असतं, म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

मी नववीत होते आणि गणितात वर्गात पहिली आले होते. तुम्ही गुलमंडीच्या बाजारातून माझ्यासाठी लाल नेलपॉलिशची बाटली आणली. पोरीला वह्या आणायच्या सोडून हे काय, असं म्हणत आईनं दोन दिवस भांडी आपटली. आठ दिवसांनी बाटली सापडेना. शोधत शोधत तुमच्या डब्याच्या पिशवीत सापडली, पाऊण झालेली. तेव्हा भट्टीची उष्णता कमीजास्त करायला गोल बटण होतं, आणि कपाटांच्या दारांवरचा रंग जिथं नीट भाजला जातो तिथं तुम्ही माझ्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला होता, पुसट झाला की पुन्हा द्यायचात. मी रडले. तुम्ही चुलीजवळ बसून भाकरी मोडत म्हणालात, "अगं, पन्नास दारं रोज तुझ्या खुणेवर भाजून निघतेत. नखाला लावलं असतं तर चार दिवसांत गेलं असतं." मला ते आवडलं होतं, पण मी तुम्हाला तसं दाखवलं नाही.

मग गोल बटण गेलं आणि कॉम्प्युटर आला. स्क्रीनवर एक आडवी पट्टी, तिच्यावर एक ठोकळा, आणि माऊसनं तो सरकवायचा. याला स्लायडर म्हणतात हे तुम्हाला मीच सांगितलं. तुम्ही तोच जुना उपाय केला. योग्य जागेच्या बरोबर वर, काचेवर लाल ठिपका. पट्टीशेजारी आकडा होता, पण बारीक आणि करडा, आणि तुम्ही आकड्यापेक्षा खुणेवर विश्वास ठेवायचात.

खंडेनवमीला कारखान्यात घरच्यांना बोलवायचे. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. यंत्रांना झेंडूच्या माळा, भट्टीच्या दाराला हळदकुंकू, भट्टी थंड. कॉम्प्युटर तेवढा पाहुण्यांना दाखवायला चालू ठेवलेला, त्यालाही एक माळ. तुम्ही कुणाला तरी सांगत होता, "आमची पोरगी हेच शिकती." ते ऐकून मी माऊस हातात घेतला. खिडकी अर्ध्या स्क्रीनवरच होती, बाजूला नुसती रिकामी जागा. मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी कडा धरून खिडकी ओढली, पूर्ण रुंद केली. खिडकीबरोबर पट्टीही लांबली. तुम्ही तेव्हा बुंदीची पुडी आणायला गेला होता. तुमचा ठिपका काचेवर होता तिथंच राहिला, आणि माझं तिकडे लक्षही गेलं नाही.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या पाळीत तुम्ही ठोकळा ठिपक्याखाली आणलात. लांबलेल्या पट्टीवर ती जागा कमी उष्णतेची होती. त्या दिवशीच्या दारांचा रंग कच्चा राहिला, नखानं खरवडला तर निघत होता. दुपारी तुम्ही घरी आलात, पाणी मागितलं, आणि आईला सांगितलंत, "पट्टीच लांब झाली व्हती. कशी झाली काय माहीत." आई म्हणाली, नेलपॉलिश लावून कुणी भट्टी चालवतं का, लोक हसले असतील. मी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसले होते. मला त्याच क्षणी सगळं समजलं. मी पान उलटलं.

तुम्हाला भट्टीवरून काढलं आणि भट्टीकडे जाणाऱ्या चालत्या साखळीला दारं लटकवायला लावलं. दिवसभर ओझं वर उचलायचं. तुमचा उजवा खांदा गेला. आई तेल चोळायची आणि चोळता चोळता बोलायची, तुमच्याच हातानं करून घेतलं म्हणून. पाहुण्यांसमोरही बोलायची. तुम्ही एकदाही उलटून बोलला नाहीत. एकदाच, माझी परीक्षा चालू असताना, तुम्ही माझ्या मागं येऊन उभे राहिलात. "ती खूण काचेवर न करता पट्टीवरच करता येत नाय का गं? म्हंजी पट्टी हलली की खूणबी हलंल." मी मान वर न करता म्हणाले, परीक्षा आहे बाबा. तुम्ही "बरं" म्हणालात आणि बाहेर गेलात. तुम्ही तो प्रश्न मलाच का विचारलात, याचा मी फार विचार केला आहे. घरात शिकलेली मीच होते म्हणून, की दुसरं काही? मी शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. घराण्यातली पहिली पदवी तुमच्या फोटोसमोर ठेवली गेली.

आता मी अशाच भट्ट्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. दोन महिन्यांपूर्वी लासूर स्टेशनला फुटाण्याच्या कारखान्यात आमची नवी आवृत्ती बसवायला गेले. भाजणीचं यंत्र एक वयस्कर चाचा चालवतात. त्यांच्या स्क्रीनवर, आमच्याच स्लायडरच्या वर, एक मरून टिकली चिकटवलेली होती. हरभरा निवडणाऱ्या मावशींनी दिलेली. मी खुर्ची ओढली तसे ते म्हणाले, "बेटी, टिकलीकू हात नको लावू. वहीच अपना मीटर है." नव्या आवृत्तीत स्लायडर मोठा केला होता. मी ती बसवली असती तर दुसऱ्या दिवशी त्यांचे फुटाणे कच्चे निघाले असते, आणि बोल त्यांना लागला असता. माझा हात माऊसवरून आपोआप उठला. काही न बसवता मी परत आले.

ऑफिसात सरांना म्हणाले, मला स्लायडरला उजव्या बटणाचा मेनू द्यायचा आहे. ठोकळ्यावर उजवं बटण दाबलं की चार ओळी उघडतील: इथं खूण करा, खुणेवर जा, नेमका आकडा लिहा, आधी होतं तिथं परत जा. सर म्हणाले, "मॅडम, ऑपरेटर लोकांना डावं बटण धड दाबता येत नाही, त्यांच्या हातात उजवं कुठं देता?" सगळे हसले. मीही थोडं हसले, सवयीनं. मग म्हणाले, ज्याला काचेवर टिकली लावायचं सुचतं, त्याला उजवं बटण शिकायला एक मिनिट लागतं. खिडकी हलली तर टिकली चुकते हे तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पाहिलंय. कुणाकडे, ते सांगितलं नाही. त्यांनी चार दिवस दिले.

पहिल्या दिवशी उजवं बटण दाबलं की मेनू उघडायचाच, पण ठोकळाही उडी मारून तिकडे जायचा. म्हणजे खूण बघायला जावं आणि भट्टीच बदलावी. ते बंद केलं. माऊस बिघडला तर कीबोर्डवरूनही मेनू उघडला पाहिजे, ते केलं. आणि मुख्य म्हणजे खूण स्क्रीनवरच्या जागेशी बांधली नाही, आकड्याशी बांधली. खिडकी रुंद करा, अरुंद करा, खूण पट्टीबरोबर सरकते. तुम्ही विचारलं होतं तेच. लिहायला तीस ओळी लागल्या, बाबा. खुणेचा रंग लाल ठेवला.

लासूरला चाचांनी स्वतः उजवं बटण दाबलं, खूण केली. मी खिडकी ओढून दाखवली, पुन्हा लहान केली. त्यांनी स्वतःही खिडकी एकदा ओढून पाहिली. मग टिकली नखानं काढून यंत्राच्या पत्र्याला लावली. राहू दे, म्हणाले, इतके दिवस साथ दिली तिनं. मग विचारलं, "ये किसने सिखाया तुमकू?" मी म्हणाले, माझ्या वडिलांनी. "वो भी कॉम्प्युटरवाले?" मी म्हणाले, भट्टीवाले. ते खूश झाले, मावशींना बोलावून सांगू लागले की हिच्या बापानं शिकवलं. परतताना गाडीत बसायला जागा मिळाली, तरी मी दारापाशी उभी राहिले. तुमचं नाव झालं म्हणून बरं वाटत होतं, आणि वाटू देववत नव्हतं. चितेगावात अजून सगळे हेच समजतात की चूक तुमची होती. आई सर्वांत जास्त.

हे पत्र मी पाठवणार कुठं. तुम्ही दारं लटकवून यायचात, खांदा धरून ओट्यावर बसायचात, तेव्हा मला चारच शब्द बोलायचे होते आणि ते मी बोलले नाही. मला भीती रागाची नव्हती. तुम्ही कारखान्यात अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवायचात, ते थांबेल याची होती. एवढंच कारण होतं.

गेल्या रविवारी मी चितेगावला गेले आणि आईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. खंडेनवमीपासून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तिनं हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे ताटलीत टाकले, आणि म्हणाली, "आन् मी त्यायला किती बोलले." मग ताटली उचलून आत गेली. नेहमी ती मला फाट्यावर बसपर्यंत सोडायला येते. या वेळी आली नाही.