साहेबांनंतर अर्थातच मी

४ मार्च

साहेबांनी आज सांगून टाकलं. सीझन संपला की मॅनेजरकी सोडणार. सत्तावीस वर्षं एकच क्लब, एकच बेंच. ड्रेसिंग रूममध्ये कॅप्टन ढसाढसा रडला. गोलकीपर लेस बांधतोय असं दाखवून रडला. मीही रडलो, पण बेतानं. उद्या ज्याला ही टीम सांभाळायचीय त्यानं फार रडून चालत नाही.

अध्यक्षांची नजर सरळ माझ्याकडे वळली. माझ्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ आहे हे मान्य. पण वेळ बघायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

एकवीस वर्षं मी साहेबांचा असिस्टंट आहे. साहेब बेंचवर बसून पुटपुटणार, मी लाइनवर उभा राहून ते ओरडून सांगणार. पुटपुटणं साहेबांचं असेल, पण मैदानात पोचायचा तो माझा आवाज. पोरं मला प्रेमानं भोंगा म्हणतात.

५ मार्च

संकल्प. उतावळेपणा दाखवायचा नाही. कुणी विचारलं तर ‘बघू, क्लब ठरवेल’ एवढंच बोलायचं. रोज सकाळी पळायला जायचं. कोट शिवायचा, कारण पत्रकार परिषदेत ट्रॅकसूट बरा दिसत नाही.

संध्याकाळी शिंप्याकडे जाऊन आलो. माप घेताना त्यानं विचारलं, लग्न कुणाचं. म्हटलं, बघू, क्लब ठरवेल.

६ मार्च, सकाळ

पळायला गेलो नाही. आभाळ भरून आल्यासारखं वाटत होतं.

६ मार्च, दुपार

कडक ऊन.

१२ मार्च

झालं! अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. म्हणाले, साहेबांची पद्धत तुमच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. नवा मॅनेजर निवडायला तिघांची कमिटी नेमतोय. मी, खजिनदार आणि तुम्ही.

इशारा स्पष्ट आहे. बाहेरच्यांचे इंटरव्ह्यू हा नुसता देखावा. चार लोकांना बोलवायचं, चहा पाजायचा, घरी पाठवायचं आणि मग घरच्या माणसाकडे वळायचं. मी हो म्हटलं.

घरी हिला सांगितलं. हिनं कणीक मळता मळता विचारलं, निवडणाराच तुम्ही, तर तुम्हाला निवडणार कोण? म्हटलं, फुटबॉलचं राजकारण तुला कळायचं नाही. ही म्हणाली, बरं. हिचं ‘बरं’ मला कधीच आवडत नाही.

२० मार्च

साहेबांची दाढ काढायचीय म्हणून शनिवारची मॅच माझ्याकडे. साहेब फोनवर एवढंच म्हणाले, फार काही करू नकोस. बिचारे दाढेच्या दुखण्यानं बोलत असणार. मी खूप काही करणार आहे.

२३ मार्च

शून्य–पाच.

शांतपणे विचार केला तर कारणं उघड आहेत. वारा. रेफरी. हाफटाइमला मी बोर्डावर बाण काढून सगळं समजावत होतो, तेवढ्यात दुसरा हाफ सुरू व्हायची शिट्टी झाली आणि माझे तीन बाण तसेच राहिले. लेफ्ट बॅकला मी पुढे पाठवलं होतं. तो गेला, पण परत यायचे बाण काढायचे राहिले, त्यामुळे तो तिकडेच थांबला.

शिवाय पाचापैकी दोन गोल फारच सुंदर होते. त्यात कुणाचाच दोष नाही.

फिजिओबाई बेंचवर माझ्या शेजारीच होत्या. चौथ्या गोलनंतर त्यांनी मला पाणी दिलं. जखमी खेळाडूला देतात त्या बाटलीतून.

२ एप्रिल

पहिला इंटरव्ह्यू. चष्मेवाला तरुण. लॅपटॉप उघडून आमच्या गेल्या सीझनमधल्या सगळ्या चुका रंगीत ठिपक्यांनी दाखवल्या. अध्यक्ष खुर्ची सरसावून बसले. लाल ठिपका म्हणजे गरज नसताना बेंचकडून झालेला आरडाओरडा, असं तो म्हणाला. स्क्रीन लालेलाल होती.

दहापैकी एक मार्क दिला. कारण लिहिलं, ‘गवताशी नातं नाही’.

३ एप्रिल

दुसरा. एकेकाळचा स्टार. आत आला तर खजिनदारांनी आधी सेल्फी काढला, मग बसायला सांगितलं. हा माणूस डेंजर. साहेबांनंतर काय बदलाल, असं विचारल्यावर म्हणाला, स्टाफ.

दोन मार्क. कारण, ‘उत्तरं फार पटकन देतो’.

५ एप्रिल

पेच. तिसऱ्या उमेदवाराला दुसरीकडे नोकरी लागली. निदान तीन इंटरव्ह्यू झालेच पाहिजेत, असा अध्यक्षांचा हट्ट. इथे माझं डोकं चाललं. म्हटलं, आपल्या मुलींच्या टीमची कोच आहे की. शांत बाई आहे, मागच्या मैदानावर असते, तीन वर्षं लागोपाठ कुठलातरी कप आणते. अध्यक्ष म्हणाले, अरे हो. खजिनदारांनी विचारलं, कोण?

यालाच सेफ उमेदवार म्हणतात. जिचा चेहराही खजिनदारांना आठवत नाही, तिला कोण निवडतंय?

७ एप्रिल

कोचबाईंचा इंटरव्ह्यू झाला. ट्रॅकसूटमध्येच आल्या, प्रॅक्टिस अर्ध्यावर सोडून. कमी बोलल्या. साहेबांसारखं तुम्हाला जमेल का, असं अध्यक्षांनी विचारलं. म्हणाल्या, नाही, मला माझ्यासारखं जमेल. असल्या उत्तरानं कुणाला नोकरी मिळत नाही.

आता मार्क. तिघांनाही पाडलं तर माझ्या हेतूवर संशय येणार. कुणालातरी भरभरून द्यायला हवेत, म्हणजे मी निःपक्षपाती दिसेन. जी येणारच नाही तिला दिले तर बिघडतंय काय? दहापैकी दहा दिले. कारणही झकास लिहिलं, ‘साहेबांनंतर असं माणूस मी पाहिलं नाही’.

मोठं मन दाखवलं की फार बरं वाटतं. येताना शिंप्याकडून कोट आणला.

८ एप्रिल

हिला सगळा डाव समजावून सांगितला. हिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मार्कांची बेरीज होणार आहे का? म्हटलं, बेरीज ही फॉर्मॅलिटी असते.

ही म्हणाली, बरं.

१० एप्रिल, सकाळ

बारा वाजता मीटिंग. कोट घातला. बटण लागत नाही, उघडाच ठेवतो. उघडा कोट मॅनेजरला शोभतो. आरशासमोर भाषण म्हणून पाहिलं, ‘ही जबाबदारी मी नम्रपणे’ वगैरे. नम्रपणेला गळा दाटून यायला हवा. दोनदा जमलं.

१० एप्रिल, रात्र

बेरीज झाली.

अध्यक्षांनी लॅपटॉपवाल्याला बरे मार्क दिले होते, खजिनदारांनी स्टारला. कोचबाईंना दोघांनीही ठीकठाक. माझ्या दहामुळे बाई सगळ्यांच्या वर. अध्यक्षांनी माझं कारण मोठ्यानं वाचलं, दोनदा. मग उठून मला मिठी मारली. म्हणाले, स्वतःचा विचार बाजूला ठेवून क्लबचा विचार करणारा माणूस आज पाहिला. नव्या कोटाची शिवण बगलेत उसवली.

मी म्हणणार होतो की थांबा, मी माझा विचार कुठेही ठेवलेला नाही. तोंडातून निघालं, ‘ही जबाबदारी मी नम्रपणे’. पुढे गळा दाटून आला. या वेळी खरोखरचा. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री साहेबांचा फोन. म्हणाले, तुझ्यात एवढं मोठेपण असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मला ती खुर्ची हवी होती. एकवीस वर्षं हवी होती. हे इथेच लिहितोय, दुसरीकडे कुठे बोलायची सोय राहिली नाही.

११ एप्रिल

ही म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा योग्य माणूस निवडलात. मी म्हटलं, दुसऱ्यांदा. ही हसली. तेवढंच.

२ जून

नव्या मॅनेजरांची पहिली प्रॅक्टिस. बाईंनी मला ठेवलंय. संकल्प केला होता की बाई पुटपुटल्या रे पुटपुटल्या की ओरडायचं. पण बाई पुटपुटतच नाहीत. मैदानात शिरतात, ज्याला सांगायचं त्याच्याजवळ जाऊन सांगतात आणि तो तसं करतो. मी दोन तास लाइनवर तोंड उघडं ठेवून उभा होतो.

नंतर बाई पाण्याची बाटली घेऊन शेजारी येऊन बसल्या. अगदी आपुलकीनं म्हणाल्या, “सर, तुमच्यामुळे मी इथे आहे, तेव्हा तुम्हाला आवडेल तेच काम देणार. साहेब असताना तुम्ही नक्की काय करायचात?”

मी सांगायला लागलो. साहेब असं करायचे. मग साहेब तसं सांगायचे. मग साहेब. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, घाई नाही सर, आठवून सांगा.

३ जून

आठवतोय.

हिला विचारलं. ही म्हणाली, ते साहेबांनाच माहीत. साहेबांना फोन लावला. साहेबांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, “थांब, आठवून सांगतो.”

दुपार झाली. फोन आलेला नाही.