विमान चौकटीत आलं नाही

अण्णा, जाड पेनानं लिहितोय. ओळी वरखाली जातील, सांभाळून घ्या. अक्षरावरून तुमची किती बोलणी खाल्ली मी! आता बोलणारं कोणी नाही, म्हणून हात चांगलाच सैल सुटलाय. तर, परवा आम्ही तालुक्यातले सगळे फोटोग्राफर जीप करून पालमवरून नांदेडला गेलो होतो. कशाला, तर उतरणाऱ्या विमानांचे फोटो काढायला. हसू नका. आपल्या गंगाखेडात विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ, जवळून उतरताना कोणी पाहिलंय? पोरांनी ग्रुपवर टूम काढली आणि सगळ्यांत आधी "मी येतो" म्हणालो तो मी. मी हल्ली स्टुडिओच्या बाहेर पडत नाही, त्यामुळे सगळ्यांना नवल वाटलं. खरं कारण कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. तुमच्या नातीचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात. तुम्ही गेल्यावर जन्मली, तुम्हाला ठाऊक नाही ती कशी हट्टी आहे ते. लग्नाचे फोटो पप्पांनीच काढायचे म्हणून अडून बसलीय. आणि अण्णा, माझे डोळे चाललेत.

परभणीच्या डॉक्टरनं मला नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. म्हणजे समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. जन्मभर चेहऱ्यांवर पोट भरलं आणि नेमका चेहराच गेला बघा! स्टुडिओत निभतं. आताचा कॅमेरा चेहरा आपला आपण शोधतो, टिक् करतो, मी बटण दाबतो. गिऱ्हाईक खुर्चीवर गप बसलेलं असतं. पण लग्नात चेहरा कुठं थांबतो? अक्षता पडायच्या आधी पोरगी एकदा आईकडं बघते, तेवढंच बघणं, ते गेलं की गेलं. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, उतरतं विमान चौकटीत धरता आलं तर लेकीचं लग्न धरता येईल. नाही आलं, तर नाही.

धावपट्टीच्या कुंपणापासून लांब, हळदीच्या शेताच्या बांधावर आम्ही ओळीनं उभे. शेतकऱ्याला विचारून उभे, बरं का. तो म्हणाला, "उबे ऱ्हावा की, पर हळद तुडवू नका." पोरं खुशीत. चिवड्याचा डबा फिरतोय, चेष्टा चाललीय. एक जण आभाळाकडं बघून ओरडतो, "हनुवटी जरा खाली घ्या, सायेब!" दुसरा म्हणतो, "डोळे मिटू नका!" मी पण हसतोय. मग कोणीतरी म्हणालं, "यायलंय, यायलंय!" मी कॅमेरा डोळ्याला लावला. आवाज वाढत गेला, छातीत घुमायला लागला. मी बटण दाबत राहिलो. आभाळ दिसत होतं, कडेचा खांब दिसत होता. विमान डोक्यावरून गेलं आणि मला ते दिसलंच नाही.

सगळे आपापले फोटो एकमेकांना दाखवायला लागले. झरीचा एक पोरगा आहे, माझ्याच हाताखाली शिकला. त्यानं सवयीनं माझा कॅमेरा घेतला आणि एकेक फोटो पुढं सारत बसला. सारता सारता गप्प झाला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण गप्प बसणं कळतंच की. मग हळूच म्हणाला, "काका, हवा लय होती. समद्यांचेच हालले आज." अण्णा, पानसुद्धा हलत नव्हतं तेव्हा. मी म्हणालो, "हो रे, हवा होती." जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला, उतरताना माझा हात धरला.

वाटेत मला तुम्ही आठवलात. स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी लावून तुम्ही भरदिवसा फोटो धुवायला बसायचात. बाहेर आई परात घेऊन ताटकळलेली, "लेकरांनी आता फोटो खायचे का?" म्हणून ओरडायची. तुम्ही लाल दिव्यात मला म्हणायचात, "आधी डोळे बघ. डोळे साफ आले की समदं आलं." आणि मग ताईचं लग्न आठवलं. अंतरपाट धरलेला, आणि तुम्ही गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घातलात. "धर. आज मी बाप हाय, फोटोग्राफर न्हाई." पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तर असा फुगलो होतो की विचारू नका. पण त्याच्या मागच्या-पुढच्या काळात तुम्ही रस्त्यात ओळख द्यायचं सोडलं होतं. लोक म्हणायचे, अण्णांना घमेंड आली. व्याही समोरून गेले तरी तुम्ही बोलला नाहीत म्हणून आईनं केवढं भांडण काढलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "ध्यान नव्हतं." अण्णा, खरंच ध्यान नव्हतं, की तुम्हालाही धूरच दिसत होता? आता कोणाला विचारू? आईही राहिली नाही. असं असेल तर सांगायचं होतं ना हो! मी काय परका होतो? एकट्यानं कसं सोसलंत? राग येतो मला तुमचा, आणि रडूही येतं.

आणि बघा माझी अक्कल. घरी आल्यावर पोरीनं विचारलं, "सापडलं का विमान?" मी म्हणालो, "सापडलं की. पांढरं, मोठं." दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जवळ बसवून तुमचंच वाक्य सांगितलं, त्या दिवशी मी बाप, फोटो झरीचा पोरगा काढील. आधी फुरंगटली, मग गळ्यात पडून रडली. म्हणाली, "पप्पा, हे लय आवडलं मला." तिच्या आईलाही भरून आलं. दोघींपैकी एकीलाही शंका आली नाही.

हे पत्र कुठं टाकायचं, टपालवाला तुमच्यापर्यंत थोडाच पोचणार आहे. राहील इथंच, फोटोपेपरच्या रिकाम्या खोक्यात. एवढंच सांगायचं राहिलंय. आत्ता संध्याकाळी ती लग्नाचा शालू नेसून माझ्यापुढं उभी राहिली. सगळे म्हणतात, नाक-डोळे हुबेहूब तुमचे घेतलेत तिनं. "पप्पा, कशी दिसते?" मी मान जरा वळवली, कडेनं तरी दिसावी म्हणून. हिरवा काठ दिसला, हातातल्या बांगड्या दिसल्या. मी म्हणालो, "लय छान दिसायलीस, बाई." ती हसली असावी, ऐकू आलं तसं.